कुंकू लागलेला पासपोर्ट

माझं अक्षर वाकडं जातं, आणि ऱ्हस्व कुठला, दीर्घ कुठला हे मला चौथीपर्यंत कळलं नाही. पाचवीत मी गेलेच नाही, त्यामुळे पुढेही कळलं नाही. ही वही कोणाच्या हाती पडलीच तर त्यांनी सांभाळून घ्यावं. वही मॅडमनी दिलेली आहे. आफ्रिकेला जाताना त्यांनी अठरा मुलांना, पी.टी.च्या सरांना आणि मला एकेक वही दिली होती. रोज एक पान लिहायचं, असा हुकूम. मुलांनी लिहिलं. मी एक अक्षर लिहिलं नाही. कोणी खांद्यावरून वाचेल या भीतीने मी वही कणकेच्या पिशवीखाली ठेवत असे. आता दुपारी घरात कोणी नसतं, म्हणून लिहिते.

मी पनवेलमध्ये पोळीभाजीचे डबे देते. मॅडम तळ्याजवळच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. शाळेत जीवशास्त्र शिकवत. माझ्या गिऱ्हाइकांत त्यांचा एकटीचाच डबा धुऊन परत यायचा, आणि आत चिठ्ठी असायची. ‘भेंडी ६. वांगं ९. आमटी ५, काल हीच होती.’ बाकीच्या लोकांना काही आवडलं नाही की ते फोन करून आवाज चढवतात. या मार्क द्यायच्या. पहिल्या महिन्यात मला राग आला. नंतर सवय लागली, आणि डबा परत आला की मी आधी चिठ्ठी उघडायला लागले. दहा मात्र कधी मिळाले नाहीत. का, असं विचारायचं धाडस करायला मला आठ दिवस लागले. त्या म्हणाल्या, "दहा दिले की तुम्ही शिकायचं सोडाल. मला रोज जेवायचंय."

त्या सगळ्यांना अहो-जाहो करत. पहिलीच्या पोरालासुद्धा. जिन्यात झोपलेल्या कुत्र्याला त्या "जरा सरकता का?" म्हणायच्या, आणि ते सरकायचं. चहा करून ठेवायच्या आणि पार गार झाला की प्यायच्या. साडीवर खेळाचे बूट घालायच्या. गळ्यात शिट्टी असायची, पण ती मी कधी वाजलेली ऐकली नाही. मुलं म्हणायची, मॅडम शिट्टीकडे हात नेतात तेवढ्यानेच वर्ग गप्प होतो.

दर दोन वर्षांनी त्या शाळेतली मुलं आफ्रिकेला नेत. जास्त दिवस एका गावात काम करायचं, थोडे दिवस जंगलात जनावरं पाहायची. काम आधी, जनावरं नंतर. यावर पालकांशी दर वेळी भांडण व्हायचं. एक बिल्डर गृहस्थ म्हणाले होते, "एवढे पैसे भरून माझा मुलगा तिथे भिंत बांधणार?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "भिंत तिथले गवंडी बांधतील. तुमच्या मुलाला येत नाही. तो दगड उचलून देईल, तेही जमलं तर."

जाण्याआधी तीन महिने त्या दर रविवारी मुलांना कर्नाळ्याला न्यायच्या. किल्ल्यावर नाही, खाली झाडीत. तिथे दोन तास गप्प बसायचं. जो बोलेल त्याने सगळ्यांचे डबे उचलायचे. ते डबे माझेच असत. आणखी एक नियम होता. ‘बिचारे’ हा शब्द तोंडातून गेला की एक पातेलं घासायचं. कोणी म्हणालं, "मॅडम, तिथल्या बिचाऱ्या मुलांसाठी मी खेळणी घेऊ?" की मॅडम वर न बघता म्हणायच्या, "एक पातेलं." पनवेलमध्येच मुलांनी माझी इतकी पातेली घासली, की मी घासायच्या बाईला त्या रविवारी यायला नको म्हणून सांगायचे.

त्या वर्षी पालकांनी अट घातली, की सोबत आपला स्वयंपाकी पाहिजे. निम्मी मुलं मांस-मच्छी न खाणारी, दोघं कांदा-लसूणही न खाणारी. मॅडम तीन जिने उतरून माझ्या घरी आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "ताई, तुमचा पासपोर्ट काढायचाय."

मी नाही म्हटलं. मला बँकेतसुद्धा बोलता येत नाही. नवरा सोबत असला तरी मी त्याच्या मागे उभी राहते.

"तुम्ही बोलायचं नाही, रांधायचं. बोलायला अठरा जणं आहेत. ती गप्प बसली तर मला हवीच आहेत."

नवरा तळोज्याला एका कारखान्यात पाळीवर जातो. तो म्हणाला, "जा. मुलीची कॉलेजची फी निघेल." पंधरा हजार पगार ठरला होता. मी हो म्हटलं ते फीसाठी.

सगळ्यांचे पासपोर्ट मॅडम स्वतःकडे पत्र्याच्या डब्यात ठेवत. हात धुऊन, पुसूनच हात लावायच्या. कोणाला घरी न्यायला द्यायच्या नाहीत. निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "माझा एका रात्रीपुरता द्याल का? सासूबाईंना बघायचाय." त्यांनी हात धुतले, पुसले. मग काढून दिला. मी याआधी त्यांच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, म्हणून दिला असेल.

सासूबाई उरणकडच्या. त्यांनी पासपोर्ट उलटासुलटा करून पाहिला. म्हणाल्या, "आपल्या घरान कदी कुनी इमानान बसलाय का? देवाला नको दाखवाला?" मलाही पटलं. आमच्याकडे नवी गाडी आली, मुलीचं दहावीचं हॉलतिकीट आलं, की आधी देवापुढे ठेवतो. पहाटे अंघोळ करून मी पासपोर्ट पाटावर ठेवला, फोटोचं पान उघडून, म्हणजे देवाला कळावं कोण जातंय ते. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, फुलाने पाणी शिंपडलं. मग मिटून पिशवीत ठेवला.

मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने तो उघडला. अक्षता तिच्या टेबलावर सांडल्या. माझ्या फोटोच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत लाल झालं होतं आणि खालच्या आकड्यांच्या ओळींवर पिवळा डाग वाळला होता. तिने तो यंत्रावर तीनदा फिरवला. साहेबांना बोलावलं. साहेब म्हणाले, "यावर जाता येणार नाही."

मागे अठरा मुलं, पास काढून आत आलेले त्यांचे काही आईबाप, पी.टी.चे सर. एक आई मोठ्याने म्हणाली, "अशिक्षित माणसं न्यायची म्हटल्यावर दुसरं काय होणार!" मी तिथेच खाली बसले.

मॅडम माझ्या शेजारी येऊन बसल्या, म्हणजे तिथेच फरशीवर.

"पूजा केलीत?"

"हो."

"पाणी शिंपडलंत?"

"फुलाने. थोडंसंच."

"हळद ओली झाली की धरते." त्यांनी पासपोर्टातल्या उरलेल्या अक्षता झटकल्या. मग म्हणाल्या, "ऐका. नवा पासपोर्ट तातडीने काढायचा, परवानगीचा कागद पुन्हा काढायचा, आणि तिकीट नवं घ्यायचं. हे तिकीट गेलं. पासपोर्ट मी डब्याबाहेर द्यायला नको होता, ती माझी चूक. पूजा केलीत ती तुमची. पैसे आता मी भरते. अर्धे माझे, अर्धे तुमचे. जमेल?"

मी मान डोलावली. रडायला येत होतं. त्यांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून एका कार्डावर पुढे मराठीत, मागे इंग्रजीत लिहायला लागल्या. ते कार्ड त्यांनी दोरी ओवून माझ्या गळ्यात घातलं. ‘रांग दिसली की उभ्या राहा. कोणी इंग्रजीत विचारलं तर पाठीमागची बाजू दाखवा. पिवळ्या तापाच्या इंजेक्शनचं कार्ड पासपोर्टात ठेवा. रडायचं असेल तर विमान उडाल्यावर रडा, आधी रडलात तर लोक थांबवून चौकशी करतात.’

मग मुलांना घेऊन त्या गेल्या.

त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं पनवेलला असले कागद करून द्यायचं दुकान आहे. मला विमानतळावरून पनवेलला न्यायला तोच आला. पाच दिवसांत सगळं झालं आणि सहाव्या दिवशी मी एकटी विमानात बसले. कार्डात लिहिलं होतं तशी विमान उडाल्यावर रडले. शेजारच्या बाईने मला एक गोळी दिली, लिंबाची.

गाडी गावात पोचली तेव्हा मॅडम दगडांच्या ढिगावर बसल्या होत्या. "आलात? बरं." बस, एवढंच. मुलं रांगेत उभी राहून मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, घेवड्याचं कालवण आणि कसलीशी पालेभाजी खात होती. बिल्डरांचा मुलगा दुसऱ्यांदा वाढून घेत होता. कांदा-लसूण न खाणाऱ्या दोघांना तिथल्या स्वयंपाकीणबाईंनी वेगळं शिजवून दिलं होतं. म्हणजे माझ्यावाचून कोणाचं काही अडलं नव्हतं. मी तिथेच मनात पैसे मोजले. जिच्यासाठी एवढा खर्च झाला, तिची गरजच नव्हती.

गाव अभयारण्याला लागून आहे. एका रात्री हत्तींनी शाळेच्या स्वयंपाकघराची भिंत पाडून मका खाल्ला होता. तेच स्वयंपाकघर पुन्हा बांधायचं काम होतं. भिंत झाली होती. जमीन राहिली होती. मुलांनी माती पसरली होती आणि फावड्याने धोपटत होती, पण पाय ठेवला की ती दबत होती. तिथल्या स्वयंपाकीणबाई बाजूला उभ्या राहून हसत होत्या.

माझे वडील मिठागरात होते. हंगामाआधी मिठाचे वाफे तयार करताना आम्ही सगळी, बायकापोरंसुद्धा, ओली माती पायाने तुडवायचो. एका ओळीत उभं राहायचं, टाच आधी, मग चवडा, आणि मागे मागे जायचं. लाकडाने चोपायचं ते नंतर. मी कोणाला काही बोलले नाही. चपला काढल्या, पाणी मारलं आणि कोपऱ्यातून सुरुवात केली. चार ओळी झाल्यावर स्वयंपाकीणबाईंनी हसणं थांबवलं, जमिनीवर अंगठा दाबून पाहिला आणि माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांची तुडवायची पद्धत जवळजवळ हीच, फक्त त्या गात गात तुडवायच्या. मग मॅडमनी अठरा मुलांचे बूट काढायला लावले.

तीन दिवस आम्ही तुडवत होतो. मला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना माझी. मी आयुष्यभर गप्प राहिले म्हणून लोकांनी मला घुमी म्हटलं, तिथे मात्र कोणाला त्याचं काही वाटलं नाही.

मॅडम मुलांना गावातल्या पोरांचे फोटो काढू देत नसत. एका मुलीने चोरून काढला, जेवणाच्या रांगेचा. मॅडमनी विचारलं, "उद्या कोणी गोरे लोक पनवेलच्या शाळेत आले आणि तुम्ही डबा खाताना तुमचा फोटो काढला तर?"

"मी विचारेन, कशाला काढता?"

"मग जाऊन विचारा त्यांना, की तुम्हांलाही तसं विचारायचं होतं का."

ती मुलगी खरंच गेली. तासाभराने परत आली तेव्हा तिच्या फोनमध्ये गावातल्या पोरांनी काढलेले तिचेच चाळीस फोटो होते, तोंडात घास असलेले.

निघताना गावाने आम्हांला एक शेळी दिली. मुलं गोंधळली. एक मोठा मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, कशी घ्यायची? यांच्याकडेच किती थोड्या आहेत. बिचारे..."

"एक पातेलं," मॅडम म्हणाल्या. "आपण आठ दिवस दिलं ते त्यांनी घेतलं ना? आता ते देतायत. घ्यायचं तेव्हा नीट घ्या." आणि त्यांनी पुढे होऊन दोन्ही हातांनी दोरी घेतली, मान लववली. शेळी विमानातून आणता येत नाही, म्हणून तिथल्याच हेडमास्तरांकडे आमच्या नावाने सांभाळायला ठेवली. पुढे दर वर्षी मॅडम पत्र पाठवून तिची खबर घेत. तिला दोनदा करडं झाली. त्या बातम्या त्या शाळेच्या फळ्यावर लिहायच्या.

जनावरं पाहिली ती शेवटचे तीन दिवस. सिंह मॅडमच्या दृष्टीने ‘बसलेत’, ‘उठलेत’ असे असायचे. सिंहीण गाडीच्या अगदी जवळून गेली तेव्हा त्या कुजबुजल्या, "जाऊ द्या त्यांना, पोरं वाट बघत असतील." गाडी थांबली की आधी डोळे मिटायला लावायच्या. आधी वास घ्यायचा, मग बघायचं. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, कसलाच वास येत नाही."

"राहायला कुठे तुम्ही?"

"तळोज्याला."

"मग तुम्ही अजून पाच मिनिटं घ्या."

परत आल्यावर आठवड्याने मुख्याध्यापकांनी आम्हांला बोलावलं. खोलीत मॅडम होत्या, पी.टी.चे सर होते, आणि वह्या जमा करायला आलेली चार मुलं. माझे पगाराचे पंधरा हजार टेबलावर होते. मुख्याध्यापक भले गृहस्थ. ते म्हणाले, "तो पासपोर्टचा खर्च कळला मला. अठ्ठेचाळीस हजार म्हणजे काही थोडे नाहीत. मावशींकडून कसले घेता? शाळेच्या निधीतून टाकू. बिचारी कुठून भरणार?"

चारही मुलांनी एकदम मॅडमकडे पाहिलं. त्या वह्या लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सर, एक पातेलं."

"काय?"

मुलांना हसू फुटलं. पी.टी.चे सर खिडकीबाहेर बघायला लागले. मुख्याध्यापकांना नियम समजावून सांगावा लागला. ते हसले, पण त्यांना आवडलं नसावं. मग मॅडम मला म्हणाल्या, "ताई, तुम्हीच सांगा. निधीतून घ्यायचे, की तुम्ही देणार?"

सगळे माझ्याकडे बघत होते. इतक्या माणसांत मी कधी बोलले नव्हते. विमानतळावरची ती बाई आठवली. निधीतून गेले असते, तर मी जन्मभर तीच राहिले असते, पासपोर्टाला कुंकू लावणारी, जिचं शाळेने भरलं. मी म्हटलं, "चोवीस हजार माझे. मी देईन."

"या पंधरातून कापून घ्या ना," पी.टी.चे सर म्हणाले.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "पगार त्यांच्या कामाचा आहे. तो घरी जाईल."

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तीन जिने चढायचे. आधी पाचशे, नंतर जमेल तेव्हा हजार. त्या दारातच घ्यायच्या, मोजायच्या आणि म्हणायच्या, "ठीक." कधी "कशाला घाई" नाही, की "सावकाश द्या" नाही. दिवाळीला मी चकल्या नेल्या तर त्यांनी चकल्यांचे वेगळे पैसे दिले, रुपया न् रुपया, आणि चिठ्ठीत आठ मार्क. सासूबाई दवाखान्यात होत्या ते दोन महिने मी गेले नाही. तिसऱ्या महिन्यात तोंड लपवत गेले. त्यांनी सासूबाईंची चौकशी केली, पैसे मोजले आणि म्हणाल्या, "ठीक."

नवरा चिडायचा. "त्या बाईला एकटीला एवढा पगार. तुझ्या पाचशेवर का डोळा?" मी त्याला समजावू शकले नाही. मला स्वतःलाही ते बोलून सांगता येत नव्हतं. पण त्या ज्या दिवशी "राहू द्या" म्हणतील, त्या दिवसाची मला भीती वाटायची.

या वर्षी त्या निवृत्त झाल्या. गुडघे गेले, जिने जमेनात. नाशिकला बहिणीकडे कायमचं जायचं ठरलं. मला कळलं तेव्हा साडेतीन हजार बाकी होते आणि हातात दहा दिवस. मी एका बारशाची ऑर्डर घेतली, दोनशे पुरणपोळ्यांची, आणि मुलीला हाताशी घेऊन ती पुरी केली. हातात पैसे आले त्याच संध्याकाळी गेले.

घरात खोकी बांधलेली होती. त्यांचा भाचा न्यायला आला होता. मी पाकीट पुढे केलं तसा तो म्हणाला, "अहो मावशी, राहू द्या हो आता. निघताना कसले पैसे घ्यायचे?"

माझा हात तिथेच थांबला. मी मॅडमकडे पाहिलं.

"तुम्ही खोकी उतरवा," त्या भाच्याला म्हणाल्या. "हे आमचं आहे."

तो गेला. त्यांनी चष्मा लावला, खोक्यावर बसून पाचपाचशेच्या सात नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग एक नोट बाजूला काढून उजेडात धरली. मधोमध फाटलेली होती, मागून चिकटपट्टी लावलेली. गडबडीत मी पाहिलीच नव्हती.

"ही चालणार नाही. बदलून द्या."

मी तीन जिने उतरले. कोपऱ्यावरच्या वाण्याने कुरकुर केली, पण मी हटले नाही, एरवी मी लगेच मागे फिरले असते. शेवटी त्याने बदलून दिली. मी पुन्हा तीन जिने चढले, धापा टाकत, आणि कोरी नोट त्यांच्या हातात ठेवली.

त्यांनी ती बाकीच्या सहा नोटांवर ठेवली, कडा जुळवल्या आणि पर्समध्ये टाकल्या.

"झाले, ताई," त्या म्हणाल्या. "पूर्ण झाले."